चार चाकांचा चोख सौदा

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. सलग, रुंद काँक्रीटचा रस्ता आणि मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा, यामुळे प्रवास सुखद झाला. परंतु लवकरच टायर फुटून होणाऱ्या अपघातांची चर्चाही सुरू झाली. २०२३ मध्ये परिवहन विभागाने महामार्गाच्या प्रवेशस्थानी टायरची तपासणी हाती घेतली आणि घासलेल्या टायरची वाहने तेथूनच मागे फिरवली. सहकुटुंब निघालेल्या, डबे भरून घेतलेल्या प्रवाशांना त्या वेळी हा प्रकार जाचक वाटला असेल. तथापि, त्यामागचे कारण साधे होते. धावत्या मोटारीचा रस्त्याशी जो काही संबंध असतो, तो जेमतेम तळहाताएवढ्या चार ठिकाणांपुरता. ब्रेक, एअरबॅग, सीटबेल्ट ही सारी व्यवस्था अखेर त्या चार तळहातांवर विसंबून असते.

असे असूनही टायरची खरेदी हा आपल्याकडे सर्वांत घाईने उरकला जाणारा व्यवहार आहे. सोने घेताना मजुरीचा दर तीन पेढ्यांवर विचारला जातो. मोटार घेताना महिनाभर माहितीपत्रके चाळली जातात. टायर मात्र रस्त्याकडेच्या दुकानात, चहा संपेपर्यंतच्या वेळात आणि बहुधा दुकानदाराच्या पसंतीने घेतला जातो. एका मध्यम आकाराच्या मोटारीचे चार टायर म्हणजे वीस-पंचवीस हजार रुपयांचा सहज खर्च. या व्यवहारात पैसे कसे वाचवावेत आणि कोठे वाचवू नयेत, याचा विचार चोखंदळ ग्राहकाने आधीच करून ठेवणे हिताचे ठरते.

सवड हेच ग्राहकाचे भांडवल

रात्री दहा वाजता, परक्या गावात, स्टेपनीतही हवा नाही अशा अवस्थेत दुकान गाठणाऱ्या ग्राहकाला भाव करण्याची सोय नसते. दुकानदार जो टायर दाखवेल तो आणि सांगेल त्या किमतीला घ्यावा लागतो. याउलट, ज्याच्या हाती महिनाभराची सवड आहे, तो चार ठिकाणी चौकशी करू शकतो, हव्या त्या कंपनीचा टायर मागवून घेऊ शकतो आणि न पटल्यास नमस्कार करून बाहेर पडू शकतो. घासाघिशीची खरी ताकद बोलण्याच्या चातुर्यात नसून या सवडीत असते.

ही सवड मिळवण्यासाठी टायरची स्थिती वेळीच ओळखता आली पाहिजे. टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत वरच्या खाचांमध्ये रबराचे बारीक उंचवटे आढळतात. नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. ती झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली, म्हणजे केवळ १.६ मिलिमीटर उरली, की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. मोटारींसाठी कायद्यानेही हीच किमान मर्यादा घातली आहे. तेथवर वाट पाहणे मात्र शहाणपणाचे नाही. खोली तीन मिलिमीटरच्या आसपास आली की चौकशीला लागावे. ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकण्याचे काम या खाचाच करतात. त्या उथळ झाल्या की चाक पाण्यावर तरंगू लागते आणि ब्रेक दाबूनही मोटार घसरत जाते. म्हणूनच कोकणात, गोव्यात वा केरळात राहणाऱ्यांनी हा हिशेब मे महिन्यातच मांडावा. पाऊस सुरू झाला की टायरच्या दुकानांत गर्दी होते आणि गर्दीत सवलत मिळत नाही.

दुकानदारांना कंपन्यांकडून विक्रीची मासिक किंवा तिमाही उद्दिष्टे दिलेली असतात. ती गाठण्याची धडपड महिन्याच्या, विशेषतः मार्चच्या, अखेरीस वाढते. सवड असलेल्या ग्राहकाने ही वेळ साधावी.

टायरवरची अक्षरे

किंमत विचारण्यापूर्वी काय विचारायचे, हे ठाऊक असावे. टायरच्या अंगावर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ अशासारखी ओळ कोरलेली असते. यातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, अर्थात सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’ हे रेडियल बांधणीचे चिन्ह आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. इथवरचे आकडे बहुतेकांना माहीत असतात. सौद्यात गफलत होते ती पुढच्या दोन चिन्हांत. ८८ हा भारांक असून त्याचा अर्थ असा टायर ५६० किलो वजन पेलतो. ‘एच’ हा वेगांक. तो ताशी २१० किलोमीटरची मर्यादा दर्शवतो. ‘टी’ म्हणजे १९० आणि ‘एस’ म्हणजे १८०.

‘आपल्या रस्त्यांवर दोनशेच्या वेगाने कोण जाणार?’ असे म्हणून कमी भारांकाचा वा वेगांकाचा टायर स्वस्तात पुढे केला जातो. हा युक्तिवाद फसवा आहे. वेगांक ही केवळ वेगाची नव्हे, तर उष्णता सोसण्याच्या क्षमतेचीही खूण असते. विदर्भातील वा राजस्थानातील भर उन्हाळ्यात, पाच माणसे आणि सामान घेऊन, तापलेल्या रस्त्यावर तासन् तास धावणाऱ्या मोटारीला या राखीव क्षमतेची गरज भासते. मोटार कंपनीने ठरवलेला आकार, भारांक आणि वेगांक वाहनाच्या माहितीपुस्तिकेत, तसेच बहुधा चालकाच्या दरवाजाजवळील पट्टीवर दिलेला असतो. त्याहून कमी क्षमतेचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. हौसेखातर कंपनीने न सुचवलेला रुंद टायर बसवणेही टाळावे. त्यामुळे विम्याचा दावा करताना अडचण येऊ शकते.

त्याचबरोबर आयएसआय चिन्ह पाहावे. मोटारींच्या टायरसाठी भारतीय मानक आयएस १५६३३ हे आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने रस्त्याशी होणारा घर्षणरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज या तीन कसोट्यांविषयी अधिसूचना काढली. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबलही काही टायरवर आढळते. अधिक तारे म्हणजे इंधनाची अधिक बचत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. कठीण रबराचा टायर सामान्यतः अधिक टिकतो, पण ओल्यात त्याची पकड उणी पडू शकते. मऊ रबराचे बरेचदा याच्या उलट. बंगळुरूच्या गर्दीत रोज दहा किलोमीटर जाणाऱ्याची गरज आणि दरमहा इंदूर ते मुंबई प्रवास करणाऱ्याची गरज एक नसते. ‘सर्वांत चांगला टायर कोणता?’ असे न विचारता ‘या वापरासाठी चांगला कोणता?’ असे विचारावे.

जन्मतारीख पाहून घ्यावी

रबर वापरात नसतानाही वयस्क होते. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांच्या परिणामाने ते कडक होत जाते. टायरचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३२५’ याचा अर्थ २०२५ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जून महिना. हे चार अंक बरेचदा टायरच्या एकाच बाजूस असतात आणि ती बाजू आत गेली की दिसत नाहीत. म्हणून ते टायर रिमवर चढवण्यापूर्वीच आणि चारही टायरवर वाचावेत.

नीट साठवलेला आठ-दहा महिन्यांपूर्वीचा टायर वाईट नसतो. केवळ तेवढ्यावरून तो नाकारणे अनाठायी होय. मात्र वर्ष-दीड वर्षापूर्वीचा माल ताज्या मालाच्या भावात घेण्याचेही कारण नाही. अनेक उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी टायरची तपासणी करण्याचा आणि दहा वर्षांनी, तो झिजला नसला तरी, बदलण्याचा सल्ला देतात. वर्षाकाठी पाच हजार किलोमीटरही न फिरणाऱ्या निवृत्त ग्राहकाचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. अशा ग्राहकासाठी जुन्या तारखेचा टायर म्हणजे आयुष्यातील दीड वर्ष वजा करून घेतलेली वस्तू. ‘हा टायर गेल्या वर्षीच्या मार्चमधला आहे, याचा भाव काय?’ एवढ्या एका वाक्याने दुकानातील संभाषणाचा सूर पालटतो.

भाव एका टायरचा नव्हे, बसवलेल्या चाकांचा

दूरध्वनीवर ‘टायर केवढ्याला?’ असे विचारले की प्रत्येक दुकानदार आपल्या सोयीचा आकडा सांगतो. कोणाच्या आकड्यात कर असतो, कोणाच्या नसतो. कोणी व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंग धरतो, कोणी ते नंतर जोडतो. उदाहरणादाखल काही कल्पित आकडे घेऊ.

पहिला दुकानदार टायरचा भाव ४,७०० रुपये सांगतो. चार टायरचे १८,८०० रुपये. त्यावर अलाइनमेंटचे ५००, बॅलन्सिंगचे ६०० आणि व्हॉल्व्हचे ३०० रुपये. एकूण २०,२०० रुपये. दुसरा दुकानदार ५,००० रुपये भाव सांगतो. पण त्यात ही सारी कामे येतात आणि जुन्या टायरचे प्रत्येकी १५० रुपये तो वजा करतो. एकूण १९,४०० रुपये. टायरमागे तीनशे रुपयांनी महाग वाटणारा दुकानदार प्रत्यक्षात आठशे रुपयांनी स्वस्त पडतो. तिसरा हळूच म्हणतो, ‘साहेब, बिल नको असेल तर साडेचार हजारांत देतो.’ या तिसऱ्या प्रस्तावाचा विचार पुढे येईल.

तात्पर्य, विचारणा नेमकी असावी: अमुक कंपनीचा, अमुक नमुन्याचा, अमुक आकाराचा व वेगांकाचा टायर, सहा महिन्यांच्या आतील तारीख, कर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून, जुने टायर देऊन चार चाकांचे एकूण किती? ही विचारणा तीन-चार ठिकाणी करून उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. पुण्याची नाना पेठ, दिल्लीचे कश्मीरी गेट, बंगळुरूचा जे. सी. रोड, कोलकात्याचा मल्लिक बाजार यांसारख्या मोटारसाहित्याच्या बाजारपेठांत, तसेच कंपन्यांच्या अधिकृत दालनांत आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडेही हीच मोजपट्टी लावावी. ऑनलाइन खरेदीत बसवणावळ कोण देणार आणि तारीख जुनी निघाल्यास टायर परत घेणार का, हे दोन प्रश्न अधिक विचारावेत.

कराबाबतही सावध असावे. मोटारीच्या नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ४,००० रुपये मूळ किमतीचा टायर पूर्वी ५,१२० रुपयांना पडे. नव्या दराने तो ४,७२० रुपयांना पडतो. चार टायरमागे हा फरक १,६०० रुपयांचा आहे. मागील खरेदीचे जुने बिल घरात असेल तर त्याच्याशी ताडून पाहावे आणि करकपातीलाच ‘खास सवलत’ असे नाव देऊन कोणी समोर ठेवत नाही ना, हे तपासावे.

शेवटी, खर्च रुपयांत न मोजता किलोमीटरमध्ये मोजावा. ४,००० रुपयांचा टायर ३०,००० किलोमीटर चालला तर किलोमीटरमागे सुमारे १३ पैसे पडतात. ५,००० रुपयांचा ४५,००० किलोमीटर चालला तर ११ पैसे. स्वस्ताई दुकानात दिसते. खरी किंमत रस्त्यावर कळते.

पैसे देताना

रक्कम मोठी असल्याने मासिक हप्त्यांची योजना पुढे केली जाते. ‘नो कॉस्ट ईएमआय’ या शब्दांचा अर्थ ग्राहकाने नीट समजून घ्यावा. शून्य टक्के व्याजाच्या नावाखाली खरे शुल्क झाकण्याच्या प्रथेला रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये मनाई केली. त्यामुळे अशा योजनांत व्याज आकारले जाते आणि तेवढीच रक्कम किमतीतून सूट म्हणून वजा होते.

समजा, २०,००० रुपयांचे टायर सहा समान हप्त्यांत घेतले आणि व्याजदर वार्षिक १५ टक्के आहे. मूळ रकमेतून सुमारे ८४७ रुपये सूट मिळून कर्ज १९,१५३ रुपयांचे होते आणि व्याजासह पुन्हा २०,००० रुपये भरले जातात. व्याजावर १८ टक्के दराने सुमारे १५२ रुपये वस्तू व सेवा कर लागतो. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये धरल्यास करासह ते २३५ रुपये होते. म्हणजे ‘विनाखर्च’ योजनेचा खर्च ३८७ रुपये. ही रक्कम फार मोठी नाही आणि हाती पैसे नसताना घासलेल्या टायरवर महिनोन् महिने फिरण्यापेक्षा हा खर्च केव्हाही परवडला. परंतु ज्याच्या खात्यात शिल्लक आहे, त्याने सरळ विचारावे, ‘हप्त्यांवर जी सूट देता, ती एकरकमी भरल्यास द्याल का?’ होकार आला तर दोन्ही मिळून बाराशे रुपयांहून अधिक बचत होते. टायर दर चार-पाच वर्षांनी बदलावे लागणार, हे आधीच ठाऊक असते. त्यासाठी दरमहा पाचशे रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडल्यास चार वर्षांत व्याज सोडून २४,००० रुपये साठतात आणि हप्त्यांचा प्रश्नच उरत नाही.

पक्के बिल आणि हमी

आता बिलाविना पाचशे-सहाशे रुपये कमी घेणाऱ्या प्रस्तावाकडे वळावे. टायरवरील हमी ही मुख्यतः निर्मितीदोषांसाठी असते. दोष आढळल्यास कंपनीचा अभियंता टायर तपासतो आणि सामान्यतः झिजेच्या प्रमाणात वजावट करून भरपाई ठरवतो. दाव्यासाठी खरेदीचा पुरावा मागितला जातो. बिल नसेल तर तीन महिन्यांत फुगा आलेल्या टायरचा पूर्ण भुर्दंड ग्राहकालाच सोसावा लागतो. शिवाय तो टायर खरोखर नवा होता, की खाचा पुन्हा कोरून, काळा रंग देऊन चकचकीत केलेला जुना, याचा जाब कोणाला विचारणार? करबुडवेगिरीत सहभागी झाल्याचा दोष निराळाच.

म्हणून पक्के बिल घ्यावे आणि त्यावर कंपनी, नमुना, आकार व चारही टायरचे क्रमांक लिहून घ्यावेत. तक्रारीची दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर संपर्क साधता येतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीविषयीच्या तक्रारीस शुल्क लागत नाही. या दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न बिलाचाच असतो.

विम्यावर मात्र फारसे विसंबू नये. नेहमीच्या सर्वंकष मोटार विम्यात केवळ टायर फुटला तर भरपाई मिळत नाही; त्याच अपघातात वाहनाचेही नुकसान झाले असेल तर नव्या टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंतच विमा कंपनीचे दायित्व असते. टायर संरक्षणाची जोडपॉलिसी मिळते. तिचा हप्ता आणि अटी पाहून निर्णय घ्यावा.

बसवून घेताना

सौदा ठरला म्हणजे काम संपले असे नाही. दाखवलेलेच टायर बसवले जातात ना, हे समोर उभे राहून पाहावे. व्हॉल्व्ह नवे घालून घ्यावेत. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवावेत, असे टायर उत्पादक सांगतात. कारण ओल्या वळणावर मागची चाके घसरली तर मोटार सावरणे कठीण जाते. हवेचा दाब दरवाजाजवळील पट्टीवर दिल्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावा आणि दर पंधरवड्याला तपासावा. साधारण आठ-दहा हजार किलोमीटरनंतर चाकांची अदलाबदल करून घ्यावी. कमी हवेने टायरच्या कडा लवकर झिजतात, इंधन अधिक जळते आणि टायर तापून फुटण्याची भीती वाढते. घासाघीस करून वाचवलेले हजार रुपये अशा दुर्लक्षात काही महिन्यांत परत जातात.

दसऱ्याला घरोघरी मोटार धुतली जाते, तिला झेंडूचा हार चढतो, चाकांना हळद-कुंकू लागते. त्या दिवशी चाकाजवळ वाकलेल्या यजमानाने आणखी दोन मिनिटे तेथेच थांबावे. खाचांची खोली पाहावी, भिंतीवर चीर वा फुगा नाही ना ते पाहावे, ते चार अंक वाचावेत आणि वहीत टिपून ठेवावेत. स्टेपनीचेही विसरू नये. पुढची खरेदी केव्हा करायची, याचे उत्तर तेथे मिळेल आणि ती सवडीने करता येईल.